गाडी बापाची कशाला, एसटी आहे की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मराठीत टीनएजर पोरांची रोड ट्रिप कॉमेडी का बनत नाही यावर तुमच्याकडं जवळजवळ अख्खं पान होतं. एकदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं, आणि तिनं "पण तुमच्या पोटात का दुखतंय" असं विचारल्यावर लक्षात आलं की खरंच दुखतंय, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, माझी सवय आहे, हवी तिथं कात्री लावा पण एसटीचा भाग तेवढा ठेवा.

लेखात कारणं दिली होती ती अशी की मराठीला बजेट नाही, आपल्याकडं तसले मोकळे हायवे नाहीत आणि आहेत तिथं खड्डे, आणि शेवटचं म्हणजे आपल्याकडं सोळा वर्षांच्या पोरांना कुणी घरून एकटं सोडत नाही. बजेटचं मला कळत नाही, सोडा. खड्ड्यात कॉमेडी होत नाही असं वाटणाऱ्यानं मुंबई-गोवा हायवेवर कधी रात्रीची गाडी केलेली दिसत नाही. पण ते शेवटचं कारण वाचून मी हसलोच. अहो घरून सोडत नाहीत म्हणूनच तर गोष्ट होते ना! सोडलं असतं तर ती शाळेची सहल झाली असती, पाण्याची बाटली, उलटीची गोळी आणि मोजून दोन जोड कपडे.

आणि उदाहरण काय, तर परत 'दिल चाहता है'. पिक्चर भारी आहे, वाद नाही, २००१ साली आम्हीपण तो बघून केसांना जेल लावून फिरलो, आणि गोव्यात शापोऱ्याच्या किल्ल्यावर लोक अजूनही त्या पिक्चरच्या नावानं फोटो काढायला चढतात. पण ते तिघं टीनएजर नाहीत, कॉलेज संपलेले बाप्ये आहेत, आणि मिसफिट तर कुठल्याच अँगलनं नाहीत. छत उघडणारी गाडी ज्याच्याकडं आहे तो जगात कुठंही फिट होतो. मिसफिट म्हणजे ज्याला वर्गाच्या ग्रुप फोटोत कडेला उभं करतात आणि पुढं फ्रेममध्ये बसत नाही म्हणून फोटोवाला नेमकी तीच कड कापतो, तो. माझ्याकडं असा एक फोटो आहे, त्यात माझा उजवा हात आलाय फक्त.

आता मी ज्याच्यावरनं हे सगळं बोलायला लागलोय ते सांगतो. माझी मुलगी दहावीला आहे, शाळेत जर्मन घेतलंय (पुण्यात हल्ली बरीच पोरं घेतात, मार्क पडतात म्हणून, त्यांच्या त्या कवी गटेसाठी नाही), तर तिच्या टीचरनी एक पिक्चर बघायला सांगितला, 'चिक' नावाचा. चिक म्हणजे खरवसाचा चीक नव्हे, मलापण आधी तेच वाटलं. ते एका पोराचं टोपणनाव आहे, खरं आडनाव चिखाचोव असं काहीतरी रशियन आणि ते जर्मन मास्तरांना उच्चारायला येत नाही म्हणून आखूड केलेलं. वोल्फगांग हेर्नडॉर्फ नावाच्या लेखकाची ही कादंबरी, २०१० साली आली, जर्मनीत धो धो खपली, पुढच्या वर्षी तिला तिकडचं किशोर साहित्याचं मोठं बक्षीस मिळालं. पुस्तक आलं त्याच वर्षी या माणसाला मेंदूत ट्यूमर असल्याचं कळलं होतं आणि २०१३ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला. म्हणजे हे एवढं हसवणारं पुस्तक कुठल्या दिवसांत हातावेगळं झालं बघा. पिक्चर २०१६ चा, डायरेक्टर फातिह आकिन, जन्मला हॅम्बुर्गमध्ये पण आईबाप तुर्की, म्हणजे दुसऱ्याच्या वर्गात कडेला उभं राहणं काय असतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नसावी. आणि चिक झालेल्या पोराचं नाव आनंद! आनंद बाटबिलेग. मी टायटलमध्ये नाव वाचून उगाच खूश.

गोष्ट काहीच नाही. बर्लिनमधला माइक, वय चौदा, वर्गातली पोरं त्याला वेडा म्हणतात कारण त्यानं एकदा आईवर खराखुरा निबंध लिहिला. आई दारू पिते, अधूनमधून ती सोडवायला एका ठिकाणी जाते आणि घरात त्याला ब्यूटी फार्म म्हणतात, हे सगळं त्यानं जसंच्या तसं लिहून वर्गात वाचून दाखवलं. विचार करा, आपल्याकडं आईवरच्या निबंधात आई पहाटे उठते आणि देवपूजा करते याच्यापुढं कुणाची मजल गेलीय का. तर या माइकला वर्गातली तात्याना आवडते, तिच्या बर्थडेसाठी त्यानं कितीतरी दिवस खपून पेन्सिलनं एक चित्र काढलंय, आणि बर्थडेला जवळजवळ सगळ्या वर्गाला बोलावणं आहे, याला नाही. आणि त्या नव्या रशियन पोराला नाही. उन्हाळ्याची सुट्टी, आई तिकडं ब्यूटी फार्मला, बाप ऑफिसच्या कामाला म्हणून ऑफिसातल्याच बाईबरोबर, घरात पोरगा एकटा. आणि दारात चिक येतो, निळ्या रंगाची जुनी लाडा गाडी घेऊन, चोरलेली, तो म्हणतो उसनी आणलीय.

जायचं कुठं तर वालाखाइला. ही जागा खरंच आहे, रोमानियात, पण मुलगी म्हणाली जर्मन बोलताना वालाखाइ म्हणजे कुठंतरी तिकडं लांब, आडगावात, असं पण म्हणतात. म्हणजे एक म्हणतो माझा आजोबा तिथं राहतो आणि दुसरा म्हणतो अशी जागाच नसते, आणि तरी दोघं निघतात. नकाशा नाही, गाडीत कॅसेट एकच आणि ती रिचर्ड क्लेडरमनच्या पियानोची, म्हणजे आपल्याकडं दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये लागते ती. जेवणाला फ्रीझरमधला पिझ्झा घेतलाय आणि मग लक्षात येतं की ओव्हन घरी राहिला. पेट्रोल संपतं तर पेट्रोल पंपावर जाता येत नाही कारण वय चौदा दिसतं, म्हणून दुसऱ्याच्या टाकीतनं काढायला पाइप शोधत कचरा डेपोत जातात आणि तिथं त्यांना इझा भेटते, आंघोळ नसलेली, शिव्या देणारी, आणि नळीनं पेट्रोल ओढायचं कसं हे फक्त तिलाच माहीत. एवढंच. पुढं डुकरं भरलेला ट्रक आहे, कोर्ट आहे, तिकडं चौदा वर्षं पूर्ण झाली की गुन्ह्याची जबाबदारी अंगावर येते, तर ते सगळं होतं. पण मी पिक्चर थांबवून दोनदा मागं नेला तो त्या बर्थडेच्या सीनला. निघायच्या आधी दोघं बोलावणं नसताना तात्यानाच्या दारात गाडी लावतात, माइक जाऊन ते चित्र तिच्या हातात देतो आणि परत गाडीत येऊन बसतो. भाषण नाही, अपमान नाही, रडारड नाही. ती चित्र बघते आहे तोवर हे गेले पण.

आमची मुलगी म्हणाली, "बाबा, रडताय का?" मी म्हटलं धूर गेला डोळ्यात. घरात इंडक्शन आहे.

तर मुद्दा असा की हे जसंच्या तसं उचलून मराठीत करू नका. तुमच्या लेखात शेवटी सुचवलंच होतं की पुण्याची तीन पोरं वडलांची एसयूव्ही ढापून कोकणात जातात वगैरे. नको हो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही, अल्पवयीन पोरगा स्टिअरिंगवर, दोन तरुण जीव गेले आणि जामिनाला तीनशे शब्दांचा निबंध. त्यानंतर पुण्यात बसून बापाची गाडी घेऊन निघालेल्या पोरांवर मला तरी हसू यायचं नाही. कायदापण आता तसा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतचं. लुनावर तिघं बसून कोकणात उतरलेले दाखवणार असाल तर मी ब्लॅकनं तिकीट काढीन, पण एसयूव्ही नको.

गाडीची गरजच काय पण? लाडा तिथं कॉमेडी करते कारण ती भंगार आहे आणि ती त्यांची नाही. आपल्याकडं भंगार आणि आपली नसलेली गाडी १ जून १९४८ पासून नगर-पुणे रस्त्यानं जी सुरू झाली ती सगळ्या राज्यात पसरलीय की. लाल डबा म्हणा, हल्ली लाडानं लाल परी म्हणतात. (बघा, लाडा तिथंपण आलीच.) एसटीत ड्रायव्हर दुसरा असतो म्हणून कायद्याचं लफडं नाही, आणि गाडी आपल्या हातात नसते म्हणून फजिती दुप्पट. कारमध्ये तीन पोरं असली की तीनच पोरं असतात. एसटीत तुमच्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं असतं आणि शेजारची आजी दहा मिनिटांत तुमचं आडनाव, गाव, मामाचं गाव काढून घेते आणि मग तुमची थाप उघडी पडायला एकच स्टॉप उरतो.

हे मी हवेत बोलत नाही. आता माझं सांगतो.

एप्रिल १९९५, तासगाव, जिल्हा सांगली. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. वर्गातल्या बड्या घरच्या पोरांनी ट्रॅक्स ठरवली पन्हाळ्याला जायला, दीडशे रुपये प्रत्येकी, आणि वर्गात सांगत फिरले, आमच्या बाकापाशी आल्यावर म्हणाले जागा संपली. ट्रॅक्समध्ये जागा संपते हे मी आयुष्यात तेवढ्या एकदाच ऐकलंय. आमचं बाक म्हणजे शेवटचं. मी तेव्हाच पावणेसहा फूट आणि वजन पेन्सिलीएवढं, मला बांबू म्हणायचे. दुसरा बोलताना अडखळायचा, त्याला काय म्हणायचे ते लिहीत नाही. तिसरा मास्तर, कारण मराठीत पहिला आणि गणितात कायम भोपळा, वहीच्या मागं कविता, आणि सायकलला घंटी नाही म्हणून तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत जायचा.

मास्तरच्या डोक्यात एक खूळ होतं, मालगुंडला जायचं. मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारी, केशवसुतांचं जन्मगाव. म्हणजे सगळी दुनिया गणपतीपुळ्याला गणपतीला जाते, आणि आमच्या तर तासगावातच एवढ्या मोठ्या गोपुराचं गणपतीचं देऊळ, पण आम्ही निघालो एका कवीचं घर बघायला, जो १९०५ सालीच वारलाय आणि ज्याची कविता आमच्यातल्या दोघांना परीक्षेपुरती पण पाठ नव्हती. चिकची वालाखाइ ती हीच, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं चला, समुद्र तरी दिसंल.

पैसे बेदाण्याच्या शेडवर काढले. आमच्याकडं उन्हाळ्यात द्राक्षं वाळत घालतात, रॅकवर जाळ्या टाकून, आणि वाळली की काड्या काढून बेदाणा निवडायला माणसं लागतात. आठ दिवस निवडला. हात चिकट, कपड्यांना तो आंबूसगोड वास, घरी आई म्हणायची लांब बस. तिघांचे मिळून तीनशेच्या आत-बाहेर झाले असतील, शिवाय शेडवाल्यानं जाताना ओंजळभर ओंजळभर बेदाणा दिला. घरी काय सांगायचं हा प्रश्न नव्हताच, चैत्री पुनव आली होती, जोतिबाची यात्रा. जोतिबाला जातो म्हटलं की सांगली-कोल्हापूरकडं कुणी नाही म्हणत नाही. आईनं उलट देवाला घालायला दहा रुपये वर दिले. ते दहा रुपये अजून माझ्या डोक्यावर आहेत.

तासगाव-सांगली, सांगली-कोल्हापूर झालं आणि कोल्हापुरात दुपारी रत्नागिरी गाडीत घुसलो, खिडकीतनं रुमाल टाकून. कंडक्टरचा तो पत्र्याचा तिकिटांचा ट्रे आणि पंचचा टकटक आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तो आवाज आला की पोटात गोळा येतोच, पैसे दिले असले तरी. मलकापूर गेलं आणि आंबा घाट लागला. आता बेदाणा रिकाम्या पोटी किती खावा याला मर्यादा असते, तो पोटात जाऊन फुगतो, हे शेडवर आठ दिवस काढून पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वळणाला बांबू वाकला. खिडकी माझी नव्हती. ज्याची होती तो माणूस पांढऱ्या शर्टात होता आणि लग्नाला चालला होता. पुढचं सगळ्या गाडीला माहीत आहे. त्या माणसानं शिव्या दिल्या नाहीत, नुसता शर्टकडं बघत राहिला, मग मागच्या सीटवरच्या बाईनं पिशवीतनं नवऱ्याचा शर्ट काढून त्याला दिला, नवरा म्हणाला अगं माझा आहे, ती म्हणाली तुम्हाला कोण बघणाराय. साखरपा येईस्तवर गाडी हसत होती, माझ्यासकट.

रत्नागिरीला पोचलो रात्री, पुढची शेवटची गाडी गेलेली. स्टँडवर बाकड्यावर आडवे झालो तर वॉचमननं उठवलं, घरातनं पळून आलाय काय, आणि नेऊन उभं केलं कंट्रोलरच्या केबिनमध्ये. वाहतूक नियंत्रक म्हणजे काय रुबाब, समोर रजिस्टर, हिरव्या कापडाचं टेबल, चष्मा नाकावर. विचारलं कुठले, कुठं चाललाय. मास्तर म्हणाला, केशवसुतांच्या घरी. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "ते भेटणार नाहीत." मास्तर म्हणाला माहीत आहे. मग साहेबांनी वॉचमनला तीन कटिंग आणायला पाठवलं आणि आम्हाला केबिनमध्येच कोपऱ्यात झोपायला सांगितलं.

पहाटे साडेपाचला मला जाग आली ती खरखर आवाजानं. बघतो तर साहेब रजिस्टर लिहितायत आणि माइकसमोर आमचा अडखळणारा बसलाय. साहेबांचा घसा बसला होता म्हणे, त्यांनी त्याला चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले वाच. साहेबांना कुणी हा बोलताना अडखळतो वगैरे सांगितलं नव्हतं, आणि याला नाही म्हणायला जमलं नव्हतं कारण नाही म्हणताना पण तो न वर अडकायचा. मी अंगावर चादर ओढून डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. तो सुरू झाला, "प-प-प्रवाशांनी कृपया ल-ल-लक्ष द्यावे..." सगळी चिठ्ठी वाचली त्यानं, को-को-कोल्हापूरसकट, फलाटाच्या फ वर चांगला पाच सेकंद थांबून. आणि बाहेर कुणी हसलं नाही. एक माणूस नाही. कारण एसटीची अनाउन्समेंट तशीपण कुणाला कधी कळलेली नाही! सगळ्यांना वाटलं माइकच खराब आहे. साहेब रजिस्टरातनं मान वर न करता म्हणाले, "छान. आता चिपळूण." त्यानं त्या सकाळी सात गाड्या सोडल्या. सातवीला तर शेवटी स्वतःच्या मनानं "धन्यवाद" पण जोडलं.

मला सांगा संपादक साहेब, हा सीन कुठल्या एसयूव्हीत बसतो?

समुद्र बघितला. आमच्या तालुक्याच्या पूर्वेला टँकर यायचा, तर समोर ते सगळं पाणी बघून अडखळणारा म्हणाला, "ए-ए-एवढं?" मग हात घालून चव घेतली आणि म्हणाला, "आणि ते पण खारट," हे वाक्य एका दमात. माझी एक चप्पल लाटेनं नेली, उरलेली मी मास्तरला म्हटलं केशवसुतांना वाहू. मालगुंडला पोचलो, कौलारू घर, सारवलेलं अंगण, उन्हात कुणी नाही. मास्तर अंगणात पाच मिनिटं उभा राहिला. मला वाटलं आता कविता म्हणतोय. तो म्हणाला, "चला, भूक लागली." बास. एवढ्यासाठी आलो होतो आम्ही तासगावहून.

परतीला प्रश्न गुलालाचा. जोतिबाला जाऊन आलेला माणूस पांढरा येऊच शकत नाही. पण कोल्हापूर स्टँडवर त्या दिवशी यात्रेची अशी गर्दी की गुलाल विकत घ्यायची वेळच आली नाही, उतरणाऱ्या लोकांत दहा मिनिटं उभं राहिलो, चांगभलं म्हणत चार जणांना मिठ्या मारल्या, गुलाबी झालो आणि गाडीत बसलो. प्लॅन एकदम फुलप्रूफ. घरी आलो, आईनं ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी धुवायला पँट झटकली तर खिशातनं वाटीभर वाळू आणि दोन शिंपले. वडील पेपर वाचत होते, बहुतेक तुमचाच. पेपर खाली न घेता म्हणाले, "जोतिबाच्या डोंगरावर शिंपले कधीपासून पडायला लागले रे?"

मार पडला. पण मारताना ते मध्येच हसले आणि मग हसू आलं म्हणून परत दोन जास्त पडल्या.

तर लेखात जे म्हटलंय की आपल्या मातीत हे जमत नाही, ते मला पटलेलं नाही. जमतं, अर्धं जमलेलंपण आहे. 'एलिझाबेथ एकादशी'तली पोरं पंढरपूर सोडून कुठं जात नाहीत पण सायकल वाचवायला जी धडपड करतात ती रोड ट्रिपचीच धडपड आहे. 'शाळा' आणि 'बालक पालक'नं पोरांची भाषा पकडली होती, तो ओशाळेपणा, ती उगाचची माहितगारी. हिंदीत नागेश कुकुनूरनं 'धनक'मध्ये बहीण आणि तिचा आंधळा भाऊ राजस्थानातनं शाहरुखला भेटायला पाठवले, दोघं चालत, लिफ्ट मागत जातात, गाडी कुणाच्या मालकीची नाही. आमच्या पोरांना गावाबाहेर काढायचं तेवढं राहिलंय. पण काढताना ड्रोन लावून सह्याद्री दाखवत बसू नका, तिकिटाचे पैसे मोजताना दाखवा, कारण सोळाव्या वर्षी डोंगर दिसत नसतो, खिशात उरलेले रुपये दिसतात. आणि शेवटी पोरांना शहाणं करून घरी आणू नका. आम्ही शहाणे होऊन आलो नव्हतो, गुलाल लावून आलो होतो.

लेखकांसाठी अजून एक, एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' म्हणून पास योजना आहे, १९८८ पासून, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि कुठंही हिंडा. चार दिवस, कुठंही! आख्खी पटकथा त्या नावातच आहे आणि महामंडळानं ती फुकट दिलीय. शिवाय मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं, म्हणजे दोन पोरं आणि एक पोरगी असं त्रिकूट घेतलं तर तिच्या वाचलेल्या पैशावर दोघं वडे खाणार आणि ती ते सगळा पिक्चर बोलून दाखवणार. हे माझं डोकं नाही, मुलीचं आहे. ती तर म्हणते पोरं हवीत कशाला, तिघीजणी घ्या.

आणि इथं माझी जरा पंचाईत झालीय. चिक बघून झाला, माझी मालगुंडची गोष्ट तिला शंभराव्यांदा सांगून झाली, आणि परवा जेवताना ती म्हणाली, परीक्षा संपली की मी आणि अजून दोघी चार दिवसांचा पास काढतो. त्या दोघींना मी ओळखतो, एक कुणाशीच बोलत नाही आणि एक जरा जास्तच बोलते, वर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तिघी नाहीत. मी घास गिळला आणि म्हटलं, नाही. का? तर म्हटलं, तेव्हाचे दिवस वेगळे होते. म्हणालो खरा, पण म्हणताना माझ्या तोंडातनं माझे वडील बोलतायत असं वाटलं, आणि वडलांनी तरी कुठं नाही म्हटलं होतं, त्यांना विचारलंच कुणी होतं. मुलीला सोडायला माझं मन होत नाही हे खरं आहे, कारण माझ्याकडं नाही, उगाच आकडे आणि बातम्या सांगून मी ते कारण तयार करणार नाही. फक्त तुमच्या लेखातलं ते तिसरं कारण, घरून सोडत नाहीत, त्याच्यावर मी वर हसलोय, ते तसंच छापा.

हे पत्र तिच्याकडनंच टाइप करून घेतोय, मला मोबाइलवर जोडाक्षरं जमत नाहीत. इथवर आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, चैत्री पुनव कधी आहे हो यंदा?

आपला,
एक जुना वाचक
(मूळ तासगाव, हल्ली पुणे)